आधी आमच्या विहिरी मोजा: महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
लोकसभेतले महाराष्ट्राचे ४८ आणि राज्यसभेतले १९ सन्माननीय सदस्य

विषय: शेल वायूसाठीचं फ्रॅकिंग (म्हणजे खोलवरचा खडक फोडून वायू काढणं), भूजलाची पूर्वनोंद आणि जनसुनावणी

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

माझी सगळी नोकरी विहिरींच्या काठावर झाली. भूजल सर्वेक्षणात निरीक्षण विहिरी ठरलेल्या असतात. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा त्यांची पातळी घ्यायची. वजन लावलेली टेप आत सोडायची, पाण्याला टेकल्याचा बारीक आवाज आला की बोट धरायचं, आकडा वाचायचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करून नोंदवहीत लिहायचं. विहिरीचा मालक बहुतेक वेळा शेजारी उभा राहून विचारायचा, "साहेब, हे लिहून काय होणार?" पहिली काही वर्षं मला याचं धड उत्तर देता यायचं नाही. नंतर एका गावाने ते शिकवलं. त्या गावाबद्दल पुढे लिहितो, कारण हे पत्र त्याच्यामुळेच लिहितो आहे.

मार्च २०२५ मध्ये लोकसभेने तेलक्षेत्रे (नियमन आणि विकास) सुधारणा विधेयक मंजूर केलं. राज्यसभेने ते आधीच्या डिसेंबरातच मंजूर केलं होतं. मूळ कायदा १९४८ चा. त्यात खनिज तेल म्हणजे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू एवढाच अर्थ होता. आता त्यात शेल वायू, शेल तेल, टाइट गॅस (घट्ट खडकात अडकलेला वायू), कोळशाच्या थरातला मिथेन आणि गॅस हायड्रेट (बर्फासारख्या घन रूपात गोठलेला वायू) हेही आले. हे काही अचानक झालं नाही. २०१३ मध्ये सरकारी तेल कंपन्यांना आपल्या ताब्यातल्या क्षेत्रांत शेलचा शोध घ्यायला परवानगी मिळाली. २०१८ मध्ये खाजगी कंत्राटदारांनाही ती मिळाली. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने तेल-वायूच्या शोध-विहिरी 'ब-२' गटात टाकल्या. 'ब-२' म्हणजे पर्यावरण आघात मूल्यांकनाचा अहवाल नको आणि जनसुनावणीही नको.

मराठी वर्तमानपत्रांत यावर किती छापून आलं? मी रोज तीन वाचतो, आणि मला फार काही सापडलं नाही. आपल्याकडे कुठे शेल आहे, असं आपण धरून चाललो आहोत. पण हा कायदा देशाचा आहे आणि त्यावर मत आपण दिलं आहे. शिवाय देशातल्या २६ गाळाच्या खोऱ्यांच्या यादीत 'डेक्कन सिनेक्लाइज' हे एक नाव आहे. आपल्या काळ्या पत्थराखाली दबलेले जुने गाळाचे थर म्हणजेच ते खोरं. तिथे उद्याच कोणी यंत्र लावणार आहे असं मी म्हणत नाही. यादीत आपलं नाव आहे, एवढंच सांगतो.

फ्रॅकिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण यातली निम्मी भांडणं शब्दांची असतात. साध्या वायूविहिरीत वायू सच्छिद्र खडकात साठलेला असतो. बोअर तिथवर पोचली की तो आपल्या दाबाने वर येतो. शेल हा दाबून घट्ट झालेल्या चिखलाचा खडक. त्यात वायू असतो, पण छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात. म्हणून दोन-तीन किलोमीटर खाली जायचं, मग बोअर आडवी वळवून थरातून किलोमीटर-दोन किलोमीटर न्यायची, आणि प्रचंड दाबाने पाणी, वाळू व रसायनं आत घालून खडक फोडायचा. पाण्याचा दाब काढला तरी वाळूचे कण भेगांत अडकून त्या उघड्या ठेवतात. वाळू पाण्यात तरंगत राहावी म्हणून पाणी दाट करावं लागतं, आणि त्यासाठी वापरतात गवारीच्या बियांचा डिंक. २०१२ मध्ये राजस्थानात गवारीचे भाव असे भडकले की वायदेबाजारात तिचे व्यवहार थांबवावे लागले. त्यामागे अमेरिकेतलं फ्रॅकिंग होतं. टेक्सासात खडक फुटतो आणि जोधपूरच्या मंडईत भाव हलतो, इतका हा विषय आपल्यापासून लांब आहे.

आता पाणी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एका शेल-विहिरीला एका वेळच्या फ्रॅकिंगसाठी साधारण दीड कोटी लिटर पाणी लागतं, असं तिथल्या पर्यावरण संस्थेच्या अभ्यासात दिसतं. आकडा कोटीत गेला की डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही, म्हणून आपल्याच मापाने मोजू. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली, ती एका खेपेत २५ लाख लिटर आणायची. लातूरकर ती गाडी बघायला स्टेशनवर जमायचे. तशा सहा भरलेल्या गाड्या म्हणजे एका विहिरीचं एक फ्रॅकिंग. आणि शेलचं क्षेत्र एका विहिरीवर चालत नाही. शेलच्या विहिरीचं उत्पादन पहिल्या दोन-तीन वर्षांतच झपाट्याने उतरतं, म्हणून नवी विहीर खोदावी लागते, मग आणखी एक. पेनसिल्व्हेनियात पाऊस बारा महिने पडतो, नद्या बारमाही आहेत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सोडला तर बाकी सगळं साठवणीवर चालतं.

पाण्याइतकीच मोठी अडचण आहे परत येणाऱ्या पाण्याची. आत गेलेल्या पाण्याचा काही भाग वर येतो आणि सोबत खोल थरातलं जुनं पाणी आणतो. पेनसिल्व्हेनियात ते समुद्राच्या पाण्याच्या कित्येक पट खारट निघतं. त्यात बेरियम असतं, किरणोत्सारी रेडियम असतं. सुरुवातीची काही वर्षं तिथे हे पाणी गावोगावच्या सांडपाणी केंद्रांत जायचं आणि तिथून नदीत. २०११ मध्ये ते थांबवायला लागलं. आपल्या शहरांतली सांडपाणी केंद्रं घरगुती मैला तरी पूर्ण शुद्ध करतात का, हे आपण आपापल्या मतदारसंघात जाऊन बघावं.

आता त्या गावाबद्दल. नाव लिहीत नाही, कारखान्याचंही नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला डिस्टिलरी होती. खालच्या वस्तीतल्या विहिरींचं पाणी चहासारखं तांबूस झालं होतं. आम्ही गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी पितळी तांब्यात पाणी आणून माझ्यासमोर धरलं. वर उन्हात रंगीत तवंग चमकत होता. त्या म्हणाल्या, "तुमी शिकल्याली माणसं. तुमीच सांगा ह्ये काय हाय." नमुने घेतले, क्षार वाढलेले निघाले. चौकशी झाली. तिथे कारखान्याच्या बाजूने एकच प्रश्न आला: आधी हे पाणी कसं होतं, याची नोंद दाखवा. त्या वस्तीतली एकही विहीर आमच्या यादीत नव्हती. सगळ्यात जवळची निरीक्षण विहीर ओढ्यापलीकडे, दुसऱ्या पाणलोटात. लोक सांगत होते की आम्ही हेच पाणी पीत आलो, यातच डाळ शिजवत आलो. पण ते कागदावर नव्हतं. अहवालात शेवटी वाक्य आलं: कारण निश्चितपणे सांगता येत नाही. त्या अहवालाखाली माझीही सही आहे. तांत्रिकदृष्ट्या ते वाक्य बरोबर होतं, आणि त्या वस्तीवर अन्याय झाला हेही तितकंच खरं.

फ्रॅकिंगचा वाद जगभर नेमका याच जागी अडकला आहे. पेनसिल्व्हेनियातलं डिमॉक हे खेडं घ्या. तिथे वायूविहिरी खोदायला सुरुवात झाल्यावर घरांच्या विहिरींत मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक, येऊ लागला. १ जानेवारी २००९ रोजी एका घरामागच्या विहिरीवरचं काँक्रीटचं झाकण स्फोटाने उडालं. कंपनीचं म्हणणं, या भागातल्या पाण्यात मिथेन पूर्वीपासूनच आहे. हा दावा सरसकट खोटा म्हणता येत नाही, कारण त्या भागात उथळ थरांतही वायू सापडतो. मग कोणाचा किती? यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने न्यायालयात आरोपांना विरोध न करण्याची भूमिका घेतली आणि नळपाणी योजनेसाठी १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यायचं मान्य केलं. झाकण उडालं त्याला तेव्हा जवळजवळ चौदा वर्षं झाली होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण फ्रॅकिंगचे विरोधकही कधीकधी चुकीचं चित्र रंगवतात. तीन किलोमीटर खाली पाडलेली भेग सरळ वर येऊन आपल्या आडात उघडते, असं सहसा होत नाही. मधे खडकाची मोठी जाडी असते. धोका वरच्या शे-दोनशे मीटरमध्येच जास्त असतो. आपल्या गावात बोअरची गाडी येते तेव्हा आपण काय पाहतो? पैसे वाचवायला मालक केसिंग, म्हणजे बोअरच्या आतला पाइप, कमी टाकतो, मुरुमाचा थर नीट झाकला जात नाही, आणि दोन पावसाळ्यांत वरचं घाण पाणी केसिंगच्या कडेने आत उतरतं. वायूविहिरीतही तेच होतं, फक्त दिशा उलटी. केसिंगभोवतीचं सिमेंट कुठे पोकळ राहिलं तर वायू त्या फटीतून वर चढतो आणि गोड्या पाण्याच्या थरात शिरतो. जमिनीवर टाकी फुटते, टँकर उलटतो, खड्ड्याचं प्लास्टिक फाटतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१५ च्या मसुद्यात लिहिलं होतं की पिण्याच्या पाण्यावर व्यापक, सार्वत्रिक परिणाम दिसला नाही. डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वाक्य काढून टाकावं लागलं आणि काही परिस्थितींत परिणाम होतो असं नमूद झालं. एवढा मोठा परिणाम आहे की नाही, हे ठामपणे का सांगता येत नाही, याचं कारणही त्याच अहवालात आहे: माहितीची कमतरता. माझ्या जुन्या अहवालातलं वाक्य मला तिथे पुन्हा भेटलं.

भूकंपाबद्दल महाराष्ट्राला कोणी शिकवायची गरज नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं, दीडशेहून अधिक माणसं गेली, आणि जगाला ठळकपणे दिसलं की धरणात साठलेलं पाणी खालच्या जुन्या भेगांतला दाब बदलून भूकंप घडवू शकतं. आजही या विषयाचा अभ्यास करायला जगभरातले शास्त्रज्ञ कोयनेला येतात. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात पूर्वी ३ पेक्षा मोठे धक्के वर्षाला एक-दोन बसायचे. २०१५ मध्ये ते ९०० च्या आसपास गेले. तिथे मुख्य कारण प्रत्यक्ष फ्रॅकिंग नव्हतं, तेल-वायूसोबत वर आलेलं खारट पाणी पुन्हा खोल विहिरींत दाबून भरणं हे होतं. इंग्लंडमध्ये मात्र लँकशायरच्या विहिरीवर फ्रॅकिंग चालू असतानाच धक्के बसू लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ चा बसला आणि नोव्हेंबरात सरकारने काम थांबवलं. २.९ म्हणजे आपल्या कोयनेकाठी लोक कूस बदलून पुन्हा झोपतात तेवढा. तरी तिथे थांबले. लोकांचं घर हलतं तेव्हा सरकारला उत्तर द्यावं लागतं, म्हणून थांबले. २०२२ मध्ये नव्या पंतप्रधानांनी बंदी उठवली, पण महिनाभरातच त्यांच्यानंतर आलेल्यांनी ती परत लावली.

वायू नकोच, असं माझं म्हणणं नाही. चंद्रपूरची हवा मी छातीत भरून घेतलेली आहे. तिथे तीन वर्षं होतो, अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर संध्याकाळी राख बोटाला लागायची. कोळशापेक्षा वायू जाळलेला बरा, यात वाद नाही, आणि अमेरिकेचं कोळशावरचं अवलंबन कमी झालं त्यात शेल वायूचा मोठा हात आहे. देशाला लागणाऱ्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास आपण बाहेरून आणतो, आणि युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर त्याचे भाव काय झाले ते सर्वांनी पाहिलं. ठाण्याला माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरात पाइपचा गॅस आहे, आणि सिलिंडर संपण्याची तिची काळजी गेली याचा मला आनंद आहे. पण जळताना स्वच्छ असलेला हा वायू न जळता गळाला तर तो मिथेनच, आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. त्यामुळे कोळशापेक्षा बरा हे म्हणणं गळती किती आहे त्यावर टिकतं किंवा कोसळतं. म्हणजे पुन्हा मोजमापच.

आणखी एक सांगतो. ३० मार्च २०१८ रोजी दाभोळच्या टर्मिनलवर एक जहाज लागलं. अमेरिकेच्या लुइझियानातल्या साबीन पासहून आलेलं, वीस वर्षांच्या करारातला पहिला द्रवरूप वायू घेऊन. अमेरिकेच्या पाइपलाइनींतला बहुतांश वायू आता शेलचा आहे. ज्या गुहागर तालुक्याने एन्रॉनच्या वेळी वीज, पर्यावरण, करार यांवर इतकी वर्षं वाद घातला, त्याच्याच किनाऱ्यावर फ्रॅकिंगचा वायू उतरला आणि आपल्याला पत्ताही लागला नाही. डिमॉकच्या लोकांशी आपलं नातं मुलीच्या शेगडीइतकं जवळचं आहे. म्हणून त्यांच्याकडे घडलेलं आपण वाचायला हवं.

देशातल्या शेलमध्ये वायू तरी किती आहे? अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने २०१२ च्या सुमारास आपली तीन खोरी तपासून ६.१ लाख कोटी घनफूट काढता येईल असा अंदाज दिला. त्याच देशाच्या ऊर्जा माहिती विभागाने २०१३ मध्ये चार खोरी धरून ९६ लाख कोटी घनफूट म्हटलं. पंधरापट फरक. माझ्या हाताखालच्या मुलाने पाणीसाठ्याचे असे दोन आकडे आणले असते तर मी त्याला पुन्हा शेतावर पाठवलं असतं. आणि शेलच्या बाबतीत पुन्हा तपासायचं म्हणजे खडक फोडून पाहायचं. इथे शोध आणि फ्रॅकिंग वेगळे काढताच येत नाहीत. म्हणूनच शोध-विहिरीला 'ब-२' मध्ये टाकणं ही माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर गोष्ट आहे. फक्त बघतो आहोत, असं सांगून दीड कोटी लिटर पाणी आत घालता येईल, आणि गावाला विचारायचं बंधन राहणार नाही.

तमिळनाडूने यावर काय केलं ते पाहा. कावेरीच्या मुखाकडच्या भातशेतीत मिथेन आणि वायूच्या विहिरी येणार म्हटल्यावर शेतकरी वर्षानुवर्षं रस्त्यावर होते. सेंद्रिय शेतीचे कार्यकर्ते नम्माळवार २०१३ च्या डिसेंबरात याच प्रचारासाठी गावं फिरत असताना वारले. २०१७ मध्ये नेडुवासलचे गावकरी आठवडेच्या आठवडे बसून राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या विधानसभेने संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा केला आणि त्या पट्ट्यात नव्या तेल, वायू, मिथेन, शेलच्या कामांना बंदी घातली. जुन्या विहिरी चालूच आहेत, काही तालुके सुटले आहेत, तरी एका राज्याने आमची जमीन आधी शेतीची आहे असं लेखी म्हटलं. हा तंजावरचा मुलूख. व्यंकोजीराजांच्या घराण्याने पावणेदोनशे वर्षं जिथे राज्य केलं, जिथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याची बखर मराठीत कोरली गेली, तोच. तिथे आजही काही घरांत मराठी बोलतात. त्या भिंतीसमोर मी एकदा तासभर उभा होतो. नोंद दगडात कोरून ठेवणारी माणसं आपलीच होती.

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधन घालायची तरतूद आहे. दोनशे फुटांच्या खाली जाऊ नका, खालचं पाणी पुढच्या पिढीचं आहे, असं मी स्वतः शेतकऱ्यांना ग्रामसभेत समजावलं आहे. त्याच शेतकऱ्याच्या बांधापलीकडे तीन हजार मीटरची विहीर जनसुनावणीशिवाय खोदली गेली, तर त्याने माझ्या तोंडावर काय म्हणावं?

म्हणून आपल्याकडे मागणं असं. ज्या विहिरीत खडक फोडायचा आहे, मग ती शोधाची का असेना, तिला 'ब-२' मधून बाहेर काढा आणि गावात, गावाच्या भाषेत जनसुनावणी घ्या. काम सुरू होण्याआधी आसपासच्या प्रत्येक विहिरीची, आडाची, बोअरची निदान एक पूर्ण वर्षाची नोंद घ्या, चारही वेळची. फक्त पातळी पुरणार नाही. क्षार, बेरियम, किरणोत्सार, आणि पाण्यात मिथेन असल्यास तो उथळ थराचा की खोल थराचा हे सांगणारी समस्थानिकांची तपासणी हवी. ती कंपनीने नेमलेल्या प्रयोगशाळेने करू नये. नोंदीची एक प्रत विहिरीच्या मालकाच्या हातात द्या. आत जाणाऱ्या प्रत्येक रसायनाचं नाव आधी जाहीर करा. अमेरिकेने २००५ मध्ये फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या कायद्यातून जवळपास वगळलं, त्याची किंमत तिथले लोक अजून मोजत आहेत. आणि जे पाणलोट अतिशोषित, म्हणजे भरतं त्याहून जास्त पाणी उपसलेले, म्हणून जाहीर झाले आहेत, जिथे उन्हाळ्यात टँकर लागतात, तिथे फ्रॅकिंगला परवानगी देऊच नका. या शेवटच्या मुद्द्यावर मला तडजोड मान्य नाही.

नव्या कायद्यात दंड २५ लाखांपर्यंत गेला आहे, उल्लंघन चालू राहिलं तर दिवसाला १० लाखांपर्यंत. पूर्वी तो हजार रुपये होता, त्यामुळे हा बदल चांगला आहे. पण दंड करायला गुन्हा सिद्ध व्हावा लागतो. आणि तो कसा सिद्ध होत नाही, ते मी वर लिहिलंच आहे.

आपल्यापैकी कोणी एकाने पुढच्या अधिवेशनात हा अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न विचारावा, अशी विनंती आहे. मसुदा मी करून देतो:

"देशात आजवर शेलसाठी किती विहिरींत फ्रॅकिंग झालं, त्यांपैकी किती ठिकाणी काम सुरू होण्यापूर्वी परिसरातल्या विहिरींच्या पाण्याची नोंद घेतली गेली, आणि ती नोंद त्या विहिरींच्या मालकांना कुठे पाहता येईल?"

उत्तर आलं की ते मराठीत करून छापा. मी वाट पाहतो आहे.

आपला,
एक निवृत्त भूजल सर्वेक्षक